मी न वाचलेल्या पंचवीस पुस्तकांची शिफारस

मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो आणि त्यातली पहिली एकोणीस वर्षं मी जवळजवळ काहीच वाचलं नाही. आता हे सांगायला हरकत नाही. निवृत्त माणसाचं कोण काय वाकडं करणार?

शिरूर कासारचं आमचं सार्वजनिक वाचनालय दूध संस्थेच्या इमारतीत होतं. पुढच्या खोलीत गावाचं दूध गोळा व्हायचं आणि मागच्या खोलीत मी बसायचो. संस्थेचे चेअरमन आप्पाराव हेच वाचनालयाचेही अध्यक्ष. त्र्याण्णव साली त्यांना संस्थेच्या सभेची नोटीस सुंदर अक्षरात लिहून हवी होती. ती मी लिहिली. ती बघून ते म्हणाले, "धर्मराज, तुझ्यासारखं अक्षर तालुक्यात न्हाई. तू वाचनालय सांभाळ." वाचतोस का, असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही.

अक्षराचं चीज मात्र मी केलं. आलेल्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालायचं आणि पाठीवर नाव लिहायचं, हे माझं आवडतं काम. दोन हजार तीनशे पुस्तकं मी अशी पाठीवरून ओळखत होतो. तोंडओळख नव्हती. कोणी येऊन "काय वाचू?" म्हटलं की मी एक पुस्तक ओढायचो, क्षणभर छताकडे बघायचो आणि म्हणायचो, "हे वाच. माणूस बदलतो." असंच मी एकदा एका निवृत्त हवालदाराला पुस्तक दिलं. ते निघालं कोंबडीपालनाचं. सहा महिन्यांत त्यानं घरामागं दोनशे कोंबड्या पाळल्या. माणूस खरंच बदलला होता, म्हणून मी हा प्रकार माझ्या यशात धरला.

माझ्यावर खरा डोळा ठेवून होती ती आई. चतुराबाईला अक्षरओळख नव्हती. ती दुपारी भाकरी घेऊन यायची तेव्हा मी बहुतेक वेळा टेबलावर डोकं ठेवून झोपलेला असायचो. ती डबा आपटून म्हणायची, "बाबासाहेबांनी पुस्तकासाठी घर बांधलं, आन् तू पुस्तकाच्या घरात झोपा काढ." मी म्हणायचो, "आई, मी चिंतन करत होतो." ती म्हणायची, "चिंतनात घोरतेत व्हय?"

असं सगळं सुखात चाललं होतं. मग दोन हजार बारा साल आलं आणि पाऊस आलाच नाही. श्रावणातच गावात टँकर सुरू झाला. जनावरं छावणीत गेली, दूध आटत आटत बंद झालं. पुढच्या खोलीत रिकामे अॅल्युमिनियमचे कॅन उपडे पडले. आप्पाराव दिवसातून एकदा येऊन त्यांच्याकडे बघून जायचे.

त्यातच जिल्ह्याच्या कार्यालयातून एक पत्र आलं. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी वाचन उपक्रम घ्यावा, त्यांच्यासाठी शिफारस केलेल्या पुस्तकांची यादी दर्शनी भागात लावावी आणि मार्चमध्ये तपासणी होईल, असं त्यात होतं. आप्पाराव म्हणाले, "धर्मराज, दूध तर गेलं. निदान वाचनालय तरी जिवंत दिसू दे."

मी एका दुपारी बसून पंचवीस पुस्तकांची यादी केली. कपाटासमोर उभं राहून पाठी वाचल्या आणि नावावरून प्रत्येकाला एकेक ओळ लिहिली. "शौर्याची प्रेरणा देणारी गाथा." "आईच्या मायेचा हळुवार आविष्कार." "निसर्गाचं मनोहारी दर्शन." अक्षर असं काही पडलं की मला स्वतःलाच ती सगळी पुस्तकं वाचावीशी वाटली. अर्थात वाटण्यावरच भागलं. यादी प्लास्टिकमध्ये घालून मी भिंतीवर लावली.

आणि आश्चर्य म्हणजे मुलं यायला लागली. रोज दहा-बारा. मी गावभर सांगत सुटलो की यादीचा परिणाम आहे. खरी गोष्ट अशी की संस्थेच्या बोअरला थोडं पाणी शिल्लक होतं आणि वाचनालयात गार पाण्याचा रांजण भरलेला असायचा. मुलं पाणी प्यायची, पंख्याखाली बसायची आणि बसल्या बसल्या, दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळं, पुस्तक उघडायची. वाचनाच्या प्रसारात रांजणाचा एवढा मोठा हात असतो हे कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नाही.

त्यात दोन मुली होत्या. शहजादी, मोटरसायकल दुरुस्त करणाऱ्या इलियास मिस्त्रींची पोरगी, नववीत. बोलायला लागली की समोरच्याला पळायला जागा ठेवायची नाही. आणि तिची मैत्रीण मनकर्णा, तीही नववीतच. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे. ती कमी बोलायची, पण पुस्तक हातात घेतलं की रांजणापाशी भांडण झालं तरी मान वर करायची नाही.

एके दिवशी शहजादी यादीतलं चौथं पुस्तक परत घेऊन टेबलापाशी आली.

"सर, ह्यात वसंत ऋतू कोणत्या पानावर हाय?"

पुस्तकाच्या नावात 'वसंत' होता. निसर्गाचं मनोहारी दर्शन ते हेच. मी छताकडे बघितलं. "पुढं येतो. धीर धरावा लागतो वाचताना."

"मी शेवटपर्यंत वाचलं सर. वसंत चोर हाय."

"कोण?"

"वसंत. माणसाचं नाव हाय. तो सायकली चोरतो, मग जेलात जातो. निसर्ग म्हणाल तर जेलच्या मागं एक बाभळ हाय, तीबी अर्ध्या ओळीत."

मागं पोरं हसायला लागली. मी म्हणालो, "तेच तर. बाभळीचं वर्णन प्रतीकात्मक आहे."

शहजादी तिथून हलली नाही. "सर, खरं सांगा. तुमी ह्या पंचवीसातली किती वाचली?"

मी आधी चष्मा पुसला. मग रांजणावरचं झाकण नीट बसवून आलो. परत आलो तरी ती तिथंच उभी होती आणि आता मनकर्णानंही पुस्तकातून मान वर केली होती. ती मान वर झाली तेव्हा मला कळलं की आता सुटका नाही.

"एकही न्हाई," मी म्हणालो.

मला वाटलं, पोरं ओरडतील, हसतील. कोणीच हसलं नाही. मनकर्णा म्हणाली, "मग ती यादी काढा. आमी लिहितो."

त्या दिवसापासून वाचनालयाचा कारभार माझ्या हातून गेला. मुलांनी नियम केला: ज्यानं पुस्तक पूर्ण वाचलं त्यानंच त्याची चिठ्ठी लिहायची आणि ती पुस्तकात लावायची. वाचलं नसेल त्यानं तोंड उघडायचं नाही. हा नियम मलाही लागू. चिठ्ठ्या मी वाचायचो आणि मला घाम फुटायचा. "पहिली चाळीस पानं सोडा, मग बरं हाय." "लेखकाला पोरी कशा बोलतात ते माहीत न्हाई." "लई रडायला येतं, आई घरात नसताना वाचा." मनकर्णाची चिठ्ठी सगळ्यात लहान असायची. एका जाडजूड पुस्तकावर तिनं एवढंच लिहिलं होतं, "माणूस चांगला हाय, पुस्तक न्हाई." एवढ्या दोन हजार पुस्तकांवर हात फिरवून मला असं एक वाक्य कधी सुचलं नव्हतं.

शनिवारी बैठक व्हायची. सगळे गोल बसायचे आणि ज्यानं जे वाचलं ते सांगायचं. माझी पाळी आली की सगळे सरसावून बसायचे. मी एक कादंबरी घेतली होती. पहिल्या आठवड्यात बारा पानं झाली, दुसऱ्या आठवड्यात नऊ. "सर मागं चालले," शहजादी म्हणाली. मला कारण माहीत होतं. मी वाचायला बसलो की तिसऱ्या पानावर डोळे मिटायचे, ती एकोणीस वर्षांची सवय होती. पण चौथ्या आठवड्यात त्या कादंबरीतल्या म्हाताऱ्यानं आपल्या मुलाशी बोलणं टाकलं. का टाकलं ते मला कळेना आणि ते कळेना म्हणून मला झोप येईना. दुपारी आई डबा घेऊन आली तेव्हा मी वाचत होतो. तिनं दारातून बघितलं, आत आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "ताप तर न्हाई."

दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. पाण्याशिवाय गावात राहून करायचं काय, म्हणून त्या वर्षी दरवर्षीपेक्षा जास्त घरं बंद झाली. एके संध्याकाळी मनकर्णा आली. उद्या तिचं कुटुंब निघणार होतं. लहान भावाला सांभाळायला आणि स्वयंपाकाला तिला बरोबर जावं लागणार होतं.

"सर, पाच महिने लागतील. मला दहा पुस्तकं द्या."

आता मी जे केलं ते सांगताना मला माझ्यावर हसू येत नाही. बाकी सगळ्यावर येतं. मी खणातून नियमावली काढली. सुंदर अक्षरात मीच लिहिलेली. एका सभासदास एका वेळी एक पुस्तक, मुदत पंधरा दिवस, पुस्तक तालुक्याबाहेर नेण्यास मनाई. मी तिला ते वाचून दाखवलं. चांगलं खणखणीत वाचलं. माझं वाचन तोपर्यंत बरंच सुधारलं होतं ना.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बरं सर," आणि गेली.

दुसऱ्या दिवशी शहजादी आली ती पाणीही न पिता थेट टेबलापाशी. "पंचवीस पुस्तकांची खोटी तारीफ लिवली, तवा कोणता नियम होता सर? तालुक्याबाहेर पुस्तक नेलं तर काय ते आजारी पडतं?"

मी म्हणालो, "पुस्तकं हरवली तर तपासणीत मला विचारतील."

"आन् मनकर्णा हरवली तर कोण विचारील?"

त्या आठवड्यात मी ती म्हाताऱ्याची कादंबरी उघडून बसायचो आणि निम्म्यावर आल्यावर वाचन पुढं जायचंच नाही. शनिवारी मनकर्णाची जागा रिकामी राहिली. तिथं कोणी बसत नव्हतं. सांगितलं नव्हतं कोणी, तरी.

शेवटी मी आप्पारावांकडे गेलो. सगळं सांगितलं, माझ्या नियमावलीसकट, आणि पुस्तकं मनकर्णापर्यंत पोचवायची म्हणालो. ते म्हणाले, "पाचटाच्या कोप्यांत पुस्तकं टिकतील का बे? खाली ओल, वर धूर."

"तेच बघतोय."

ते उठले, पुढच्या खोलीत गेले आणि एक चाळीस लिटरचा कॅन माझ्यासमोर ठेवला. "झाकण घट्ट बसतं. आत पाण्याचा थेंब जात न्हाई. तसाबी रिकामाच हाय."

मुलांनी पुस्तकं निवडली. मला निवडू दिली नाहीत. पंधरा पुस्तकं कॅनमध्ये बसली. वरून मी माझी निम्मी वाचलेली कादंबरी हळूच ठेवली. मनकर्णाच्या टोळीचा मुक्काम नगरच्या पुढं एका कारखान्याच्या हद्दीत होता, हे शहजादीनं मुकादमाच्या घरी जाऊन विचारून आणलं होतं. पहाटेच्या एसटीनं मी कॅन घेऊन निघालो.

कंडक्टरनं कॅन बघितला आणि म्हणाला, "दूध सांडलं तर धुवायला पाणी न्हाई, आधीच सांगतो."

"दूध न्हाई. पुस्तकं हायत."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "उघडा."

मी झाकण काढलं. त्यानं आत हात घालून एक पुस्तक काढलं, त्यातली चिठ्ठी वाचली आणि हसला. बहुतेक 'कुत्रं मरतं, आधीच सांगून ठेवते' अशी काहीतरी होती. पुढं सबंध रस्ताभर, तिकिटं फाडून झाली की, तो त्याच पुस्तकात डोकं घालून बसला. मी नगरला उतरलो तेव्हा पुस्तक परत देताना त्याचं तोंड उतरलेलं होतं. म्हणाला, "मेलंच की हो."

दोन गाड्या बदलून, शेवटचे तीन कोस एका रिकाम्या बैलगाडीवर बसून मी टोळीच्या मुक्कामाला पोचलो. उसाच्या पाचटाच्या वीस-पंचवीस कोप्या, मधून धुळीची वाट. मनकर्णाचे वडील, मुंजाजी, मोळ्या टाकून नुकतेच आले होते. मला बघताच ते ताडकन उठले आणि हात जोडले.

"सर, पोरीनं वाचनालयाचं काही आणलं का? हरवलं का काही? मी भरून देतो."

पाच-सहा तासांच्या प्रवासात मी एक छोटं भाषण तयार केलं होतं. ज्ञान, प्रकाश वगैरे होतं त्यात. ते तिथल्या तिथं विसरलो. हा माणूस माझ्यासमोर हात जोडून उभा होता, कारण वाचनालयाचा माणूस दारात आला म्हणजे तो काहीतरी मागायलाच आला असणार, असं त्याला वाटत होतं. आणि मी तरी आजवर दुसरं काय केलं होतं?

"न्हाई मुंजाजीभाऊ," मी म्हणालो, "चूक माझी हाय. ती दुरुस्त करायला आलो."

मनकर्णा चुलीपाशी होती. भाकरी तव्यावर ठेवून ती आली. "सर, तुमी कावून आले?"

मी कॅन उघडला. तिनं खाली बसून एकेक पुस्तक बाहेर काढलं, चिठ्ठ्या वाचल्या, कुणाची कोणती ते अक्षरावरून ओळखलं. आजूबाजूच्या कोप्यांतली पोरं जमा झाली. शेवटी तिनं मला विचारलं, "ह्यातली तुमी किती वाचली सर?"

"एक पूर्ण," मी म्हणालो. "वसंत चोराचं. आन् हे एक निम्मं."

"निम्म्यापर्यंत कसं हाय?"

"लई चांगलं. म्हातारा पोराशी बोलणं टाकतो. कावून ते कळत न्हाई."

तिनं ती कादंबरी वेगळी काढून मांडीवर ठेवली. तेवढ्यात भाकरी जळाल्याचा वास आला आणि तिची आई ओरडली. मी त्या कोपीत जळकी भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. एवढ्या वर्षांत कोणा वाचकाच्या घरी मी जेवायला गेलो नव्हतो.

उसालाही पाणी नव्हतं म्हणून त्या वर्षी कारखाना लवकर बंद झाला. फेब्रुवारीतच टोळ्या परतल्या. मनकर्णा आणि शहजादी दोघी मिळून कॅन उचलून वाचनालयात आल्या. पुस्तकांना धुराचा आणि गुळाचा असा एकत्र वास येत होता. दोन पुस्तकं कमी होती. एक वडवणीच्या पोरीनं नेलं होतं, एक नांदूरघाटच्या. दोघींनी चिठ्ठी लिहून ठेवली होती की पुढच्या हंगामात आणून देऊ. आणि प्रत्येक पुस्तकात नवीन चिठ्ठ्या होत्या. ज्या पोरांना वाचता येत नव्हतं त्यांना मनकर्णानं वाचून दाखवलं होतं आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं होतं. "राधानं ऐकलं. तिला राजाचा राग आला." "तिसऱ्या कोपीतल्या आजीनं ऐकलं. म्हणाली, खोटं हाय पण गोड हाय."

"सर, तो म्हातारा," मनकर्णा म्हणाली, "त्याचं सांगू का?"

"नको," मी म्हणालो. "मी वाचतो." पुढच्या सव्वीस दिवसांत माझं ते पुस्तक पूर्ण झालं. शेवटाला मी टेबलावर डोकं ठेवलं, पण झोपायला नाही.

मार्चमध्ये तपासणीचे साहेब आले. मी सगळं दाखवलं: शनिवारच्या बैठका, चिठ्ठ्या, दुधाचा कॅन. त्यांनी एक पुस्तक उघडलं. त्यात चिठ्ठी होती, "सर म्हणाले तरी हे वाचू नका." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "बरोबर आहे साहेब. मी न वाचता म्हणालो होतो." ते खाली मान घालून लिहीत राहिले. त्यांच्या खांद्यांवरून वाटलं की हसत असावेत, पण अहवालात तसं काही आलं नाही. अहवालात आलं ते असं: पुस्तकं तालुक्याबाहेर दिली, दोन पुस्तकं गहाळ, ग्रंथपालास समज द्यावी. आप्पारावांनी मला बोलावून समज दिली. म्हणजे समोर बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "समज मिळाली का?" मी म्हणालो, "मिळाली." सरकारी प्रतवारीत वाचनालयाचा वर्ग होता तोच राहिला, सगळ्यात खालचा. त्याच्या खाली वर्ग नसतो हे आमचं नशीब.

त्या वर्षी पाऊस बरा झाला आणि दूध परत सुरू झालं. आप्पारावांनी कॅन मागितला नाही. दिवाळीनंतर मनकर्णा टोळीबरोबर गेली नाही. ती मावशीकडे राहिली, दहावी झाली, पुढं परिचारिकेचं शिक्षण घेतलं. आता ती बीडला सरकारी दवाखान्यात आहे. मुंजाजीभाऊंनी आणखी चार हंगाम काढले, मग गुडघे गेले म्हणून थांबले. शहजादी वडिलांच्या दुकानात हिशेब आणि भांडण दोन्ही बघते. गिऱ्हाईक गाडी दुरुस्तीला टाकून वाट बघत बसलं की त्याच्या हातात ती पुस्तक देते आणि काय वाचायचं हेही तीच ठरवते.

माझ्या निरोप समारंभाला दोघी आल्या होत्या. आप्पाराव थकले होते, तरी उभे राहून बोलले. म्हणाले, धर्मराजनं हजारो पुस्तकं वाचली आणि पिढ्या घडवल्या. मी माईक घेतला आणि दुरुस्ती केली: "एकशे बारा. त्यातली नव्वद पोरांच्या चिठ्ठ्या बघून." लोकांना वाटलं मी विनयानं बोलतोय आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत दोघीजणी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या.